विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या हंगामाला पहिल्यांदा जाताय? मग नियम असे वाचा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो, नंतरच्या रविवारी संपतो. एवढ्या दिवसांत पाच लाखांहून जास्त माणसं रानात उतरतात. मॅडिसन आणि मिलवॉकीच्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी दरवर्षी ऑक्टोबर संपताना मला विचारतं, "काका, मलाही यायचंय, काय काय लागतं?" तोवर निम्म्या गोष्टींची वेळ निघून गेलेली असते. तयारी जुलै-ऑगस्टमध्ये सुरू करायला हवी, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो.

मी मूळचा पाटण तालुक्यातला. आमच्या लहानपणी शिकार म्हणजे लपूनछपून करायची गोष्ट. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. पीक उद्ध्वस्त करणारं रानडुक्कर मारायचं तरी मुख्य वन्यजीव रक्षकाची, किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची, लेखी परवानगी लागते. त्यामुळे आपल्याकडून आलेल्या माणसाला इथली नियमपुस्तिका पाहिली की ती बंद्यांची यादी वाटते. तशी ती वाचू नका. त्यातला प्रत्येक आकडा कुणीतरी मोजणी करून, भांडून, मत देऊन ठरवलेला असतो. तो कसा ठरला हे कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी शिक्षण

तुमचा जन्म 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर झाला असेल तर हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र असल्याशिवाय नेहमीचा परवाना मिळत नाही. प्रौढांना अभ्यासाचा बराचसा भाग घरी ऑनलाइन करता येतो. पण घाई नसेल तर प्रत्यक्ष वर्गातच जा, असं मी सांगेन. शिकवणारे स्थानिक स्वयंसेवक असतात आणि आयुष्यभर याच रानात हिंडलेले असतात. या वर्गांच्या जागा उन्हाळा संपता संपता भरतात.

तिथे चार गोष्टी घोकून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवा. नेम कशावर आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा. गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट घोड्यापासून लांब ठेवा. तिसरी गोष्ट मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. टेकडीच्या माथ्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभं असलेलं हरीण कितीही मोठं असू दे, ते सोडून द्यायचं. माथ्यापलीकडे काय आहे ते तुम्हाला दिसत नसतं.

प्रमाणपत्राआधी एकदा अनुभव घ्यायचा असेल तर मेंटरसोबतचा परवाना मिळतो. त्यात अनुभवी माणूस पूर्ण वेळ तुमच्या हाताच्या अंतरावर हवा, अगदी शब्दशः. "मी पलीकडच्या मचाणावर आहे, काही लागलं तर फोन कर," हे त्यात बसत नाही.

व्हिसावर असाल तर हे दोनदा वाचा

हा मुद्दा आपल्या लोकांसाठी खास आहे, आणि इथले जन्मजात शिकारी तो सांगत नाहीत, कारण त्यांना त्याची गरजच पडलेली नसते. एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. इथे "बाळगणं" म्हणजे मालकी असणंच नव्हे. मित्राची बंदूक तुमच्या ताब्यात असणं हेही त्यात धरलं जातं. पण याला अपवाद आहे: तुमच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा कायदेशीर, मुदतीतला शिकार परवाना असेल तर ही मनाई लागू होत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई मुळातच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी परवाना, मग बंदुकीला हात. परवान्याची मुदत कुठल्या तारखेला संपते तेही नीट बघा. इथलं परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं. नोव्हेंबरमध्ये घेतलेली बंदूक एप्रिलमध्ये तुमच्या कपाटात असेल आणि नवा परवाना काढलेला नसेल, तर अपवादाचं छत्र उरत नाही. परवान्याची प्रत छापून बंदुकीच्या पेटीतच ठेवावी. तुमच्या कागदपत्रांत काही गुंता असेल, अर्ज प्रलंबित असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून मगच पुढे जा. इथे चूक झाली तर दंड भरून सुटका होत नाही, ती थेट व्हिसावर येते. जोखीमच नको असेल तर धनुष्याचा हंगाम आहे. धनुष्य या कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही, आणि तो हंगाम सप्टेंबरच्या मध्यालाच सुरू होतो.

जागा कुठे शोधायची

सरकारी जमीन भरपूर आहे. आमच्या भागात सॉक सिटीपासून खाली प्रेअरी डू शीनपर्यंत विस्कॉन्सिन नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला लोअर रिव्हरवे आहे. त्यातल्या बऱ्याच जमिनीवर शिकारीला मुभा आहे. पहिल्या शनिवारी मात्र तिथे गर्दी असते. मंगळवार-बुधवारी जा, रान मोकळं मिळेल.

खासगी जमिनीवर पाऊल टाकायला परवानगी लागतेच. "प्रवेश निषिद्ध"ची पाटी नसली म्हणून जमीन मोकळी ठरत नाही. जखमी हरीण कुंपण ओलांडून शेजारच्या शेतात पडलं तरी मालकाला विचारूनच आत जायचं. परवानगी मागायची तर ऑगस्टमध्ये जा, मका उभा असताना. एकटे जा, सकाळचं दूध काढून झाल्यावर जा, आणि गाडी अंगणात आडवी लावू नका. मी ज्या शेतावर जातो तिथे पहिल्या वर्षी नुसतं कुंपण दुरुस्त करायला मदत केली आणि बंदुकीचा विषय दुसऱ्या भेटीत काढला.

एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. हरणांनी पीक खाल्लं तर शेतकऱ्याला नुकसानभरपाई देणारी योजना इथे आहे. तिचा पैसा शिकार परवान्यांवरच्या अधिभारातून येतो. ज्या शेतकऱ्याला भरपाई हवी त्याने आपली जमीन शिकारीला खुली ठेवली पाहिजे अशी अट आहे. अशा शेतकऱ्यांची यादी काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कचेरीत, मिळते. ती घ्या. त्या यादीतल्या माणसाला तुम्ही नकोसे नसता. गावाकडे भरपाईच्या पंचनाम्यासाठी हेलपाटे घालणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यामुळे नुकसान करणारं जनावर, नुकसान सोसणारा माणूस आणि शिकारी यांना एकाच हिशेबात बांधणारी ही तजवीज मला फार मोलाची वाटते.

नर की मादी: सगळ्या नियमांचं मूळ

परवाना घेताना तुम्हाला झोन, युनिट आणि जमीन खासगी की सरकारी हे विचारतात. शेतीच्या दक्षिण भागात युनिट म्हणजे साधारण काउंटीच. बंदुकीच्या परवान्यासोबत राज्यात कुठेही चालणारी एका शिंगवाल्या नराची मुभा येते. बिनशिंगी, म्हणजे मुख्यतः माद्या आणि त्या वर्षीची पाडसं, मारायची मुभा मात्र त्या-त्या युनिटपुरती असते. तिची संख्या दरवर्षी बदलते. कुठे परवान्यासोबतच अशा दोन-तीन मुभा मिळतात, कुठे एकही नाही.

हा फरक का, तर एक नर अनेक माद्यांना पुरतो. निम्मे नर मारले तरी पुढच्या वसंतात जन्माला येणाऱ्या पाडसांची संख्या फारशी हलत नाही. कळप वाढवायचा की घटवायचा हे किती माद्या पडल्या यावर ठरतं. म्हणून सरकारच्या हातातला खरा लगाम म्हणजे मादीचा कोटा. हंगामाची लांबी, परवान्याची किंमत वगैरे गोष्टी त्याच्या पुढे दुय्यम आहेत.

तारखांचंही तसंच. पाडसं मेअखेर-जूनमध्ये जन्मतात. नोव्हेंबरपर्यंत ती आईवाचून जगण्याइतकी मोठी होतात. माजाचा जोर नोव्हेंबरच्या पूर्वार्धात असतो, आणि बंदुकीचा हंगाम तो ओसरताना उघडतो.

हे शहाणपण एका दिवसात आलं नाही. विस्कॉन्सिनमध्ये हरणांसाठी पहिला बंद काळ 1851 मध्ये ठरला: 1 फेब्रुवारी ते 1 जुलै. तरीही जंगलतोड आणि बाजारासाठीची शिकार यांनी हरणं संपत आली. 1897 मध्ये परवाना आणि माणशी दोन हरणांची मर्यादा आली. 1915 मध्ये फक्त नर मारायचा नियम झाला. 1925 ते 1935 या काळात एक वर्षाआड हंगामच बंद ठेवला. मग उलटं झालं. हरणं इतकी वाढली की उत्तरेच्या जंगलात हिवाळ्यात ती उपाशी मरू लागली, आणि जंगलातली कोवळी रोपं त्यांनी फस्त केली. मादी मारल्याशिवाय इलाज नाही असं ज्यांनी ठामपणे मांडलं त्यांत आल्डो लिओपोल्ड होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यप्राणी व्यवस्थापनाचे ते पहिले प्राध्यापक. 1943 मध्ये नरांच्या हंगामापाठोपाठ बिनशिंगी हरणांसाठी चार दिवस उघडले. एकूण सुमारे 1 लाख 28 हजार हरणं पडली आणि राज्यभर संताप उसळला. त्या हंगामाला लोकांनी "त्रेचाळीसचा गुन्हा" असं नाव दिलं. मादीवर गोळी झाडायची नाही ही भावना इथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, आणि आपल्याकडे तर त्याहून खोल. मला ती समजते. पण दक्षिणेकडच्या मक्याच्या पट्ट्यात, जिथे मुभा भरपूर असते, तिथे पहिल्या वर्षी मादीच मारा असं मी सांगतो. तिथल्या रानाला त्याचीच गरज आहे.

कोटा ठरवायला आकडे लागतात, आणि एवढ्या जंगलात हरणं मोजणार कोण? डीएनआर, म्हणजे राज्याचं निसर्ग संसाधन खातं, उलट्या वाटेने जातं. किती नर मारले गेले याची नोंद असते. त्यांच्या दातांची झीज पाहून वय काढतात. मारलेल्या प्रौढ नरांत दीड वर्षाचे किती, यावरून दरसाल नरांतला कितवा हिस्सा मरतो ते कळतं, आणि त्यावरून मुळात नर किती असावेत तेही. मग नराला माद्या किती, आणि मादीमागे पाडसं किती, हे गुणोत्तर लावतात. पाडसांचा आकडा उन्हाळ्यात सामान्य लोकांनी केलेल्या निरीक्षणांतून येतो. तुम्हीही ते करू शकता: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसलेल्या माद्या, पाडसं, नर यांची नोंद पाठवायची. रानात दोन महिने आधीपासून डोळे उघडे ठेवायची सवय लागते, हा जास्तीचा फायदा.

उत्तरेत आणखी एक हिशेब असतो, तो हिवाळ्याचा. 1 डिसेंबर ते 30 एप्रिल या काळात ज्या दिवशी पारा शून्य फॅरनहाइट (म्हणजे उणे 18 सेल्सियस) किंवा त्याखाली जातो त्या दिवसाचा एक गुण. ज्या दिवशी जमिनीवर 18 इंच किंवा जास्त बर्फ असतो त्याचा एक गुण. बेरीज 50 च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, 80 च्या पुढे कडक, 100 च्या पुढे अतिकडक. 2013-14 चा हिवाळा असाच भयंकर गेला आणि 2014 च्या हंगामात उत्तरेच्या बऱ्याच काउंट्यांत बिनशिंगी हरणांची शिकारच बंद होती. तेव्हा तिकडे जायचं असेल तर आधी मागच्या हिवाळ्याचे गुण बघा, मग हॉटेल बुक करा.

उत्तरेच्या त्याच पट्ट्यात ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांचे हक्क आहेत. 1837 आणि 1842 च्या करारांत त्यांनी जमीन सोडली, पण शिकार आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. 1983 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो मान्य केला. त्यांचे हंगाम वेगळे असतात, नियम त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेचे असतात. "त्यांना कसं चालतं?" अशी कुरकुर बारमध्ये ऐकू येईल. त्यात सामील होऊ नका. तो कराराने राखलेला हक्क आहे, सवलत नव्हे.

हंगामाच्या दिवशी

कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांपैकी निदान निम्मा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हवा. टोपी घातलीत तर तीही निम्मी. आपली माणसं नारिंगी जाकिटावर पाठपिशवी चढवतात आणि रंग झाकून टाकतात, तेवढं टाळा. शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू करता येते. संध्याकाळची वेळ पुस्तिकेतल्या तक्त्यावरून तुमच्या भागाप्रमाणे काढा आणि मोबाइलवर गजर लावून ठेवा.

गटाने जाणार असाल तर इथेही हाका घालतात. आमच्याकडच्या पारधीसारखंच: काहींनी रान झोडपत यायचं, काहींनी नाक्यावर बसायचं. गटातल्या एकाने दुसऱ्याच्या मुभेवर हरीण मारलं तर बंदुकीच्या हंगामात ते चालतं. अट अशी की दोघे एकमेकांना दिसत असले पाहिजेत किंवा हाक ऐकू येण्याच्या अंतरावर असले पाहिजेत. फोन आणि वॉकीटॉकीवरचा संपर्क यात मोजत नाहीत.

हरीण पडल्यावर

हरीण मिळालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत नोंदणी करायची, ऑनलाइन किंवा फोनवर. नोंदणी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि लोक त्यातच आळस करतात. वर सांगितलेलं सगळं गणित याच नोंदींवर उभं आहे. नोंद झाली नाही तर पुढच्या वर्षीचा कोटा चुकीच्या आकड्यावर ठरतो.

मग तपासणी. हरणांच्या मेंदूला पोखरणारा सीडब्ल्यूडी नावाचा रोग या राज्यात पहिल्यांदा सापडला तो आमच्याच डेन काउंटीच्या पश्चिम भागात, माउंट होरेबच्या आसपास. 2001 च्या हंगामातल्या हरणांचे निकाल फेब्रुवारी 2002 मध्ये आले. तो प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होतो, आणि शिजवून प्रायॉन मरत नाहीत. माणसाला झाल्याची सिद्ध घटना आजवर नाही. तरीही रोगी हरणाचं मांस खाऊ नका असा सरकारी आरोग्य संस्थांचा सल्ला आहे, आणि मी तो काटेकोर पाळतो. डीएनआर तपासणी फुकट करते. ठिकठिकाणी पेट्या ठेवलेल्या असतात, त्यात मानेच्या काही इंचांसकट मुंडकं पिशवीत घालून, फॉर्म भरून सोडायचं. निकालाला साधारण दोन आठवडे लागतात.

आपल्या स्वयंपाकघराचा प्रश्न इथे येतो. आपल्याला मुंडी हवी असते, भेजा हवा असतो, पायाचं सूप हवं असतं. इथे हे सगळं विसरा. मेंदू, डोळे, मज्जारज्जू, प्लीहा आणि गळ्याच्या गाठी यांना हात लावायचा नाही. मांस हाडापासून सोडवून घ्यायचं, पाठीचा कणा करवतीने कापायचा नाही, हातमोजे घालायचे. प्रत्येक हरणाचं मांस वेगळ्या पिशव्यांत घालून त्यावर नोंदणी क्रमांक लिहा आणि निकाल येईपर्यंत फ्रीजरमध्ये तळाला ठेवा. दोन हरणांचा खिमा एकत्र केलात आणि एकाचा निकाल वाईट आला तर सगळा टाकावा लागतो. निकाल चांगला आला की मांडीच्या मांसाचा कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करा. या मांसाला चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल थोडं सढळ हाताने घाला आणि आच मंद ठेवा.

मांस विकता येत नाही, एक पौंडही नाही. बाजारासाठीच्या शिकारीने हरणं संपवली होती, त्यातून शिकलेला धडा आहे तो. जास्त असेल तर दान योजना आहे. ठरलेल्या खाटकाकडे हरीण द्यायचं, मांस अन्नपेढीत जातं, कापणीचा खर्च योजना देते.

एप्रिलमध्ये बैठकीला जा

परवान्याचे पैसे जातात कुठे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर असतो. 1937 च्या कायद्यानुसार तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो: निम्मा वाटा राज्याच्या क्षेत्रफळावर, निम्मा परवानाधारकांच्या संख्येवर. एक अट अशी, राज्याने परवान्याचा पैसा दुसऱ्या कामाला वळवायचा नाही.

आणि आकडा ठरवण्यात तुमचाही हात असू शकतो. 2014 पासून प्रत्येक काउंटीत हरणांची सल्लागार समिती आहे. शेतकरी, शिकारी, जंगलवाले, पर्यटनवाले असे लोक तिच्यात बसतात. कळप वाढवायचा, राखायचा की घटवायचा हे समिती तीन वर्षांसाठी सुचवते, आणि दर वसंतात कोट्याची शिफारस करते. बैठक खुली असते, मसुद्यावर ऑनलाइन मतही देता येतं. शेवटचा शिक्का राज्यपालांनी नेमलेल्या सात जणांच्या मंडळाचा. याखेरीज कॉन्झर्व्हेशन काँग्रेस नावाची नागरिकांची संस्था 1934 पासून आहे. तिच्या एप्रिलच्या सुनावण्या सगळ्या 72 काउंट्यांत एकाच रात्री होतात.

आमच्या बैठकीला खोलीत मोजकी माणसं असतात आणि त्यांत मी एकटाच सावळा. पण बोलायला उभं राहिलं की ऐकून घेतात. नुसतं "यंदा हरणं कमी दिसली" असं म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. किती वेळ बसलात, कुठल्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला, किती माद्या, त्यांच्यामागे किती पाडसं, हे वहीत लिहून न्या आणि वाचून दाखवा. समितीतला जीवशास्त्रज्ञ पेन उचलून लिहून घेतो.